पेरणी मे महिन्यात, पैसा डिसेंबरात: विद्यापीठाच्या अंतर्गत अनुदानासाठी प्रस्ताव लिहिताना

भूगोल शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापक मॅडमनी विचारलं आहे. नोकरीला चार वर्षं झाली. त्यांच्या विद्यापीठानं अंतर्गत अनुदानाचे अर्ज मागवले आहेत. संशोधनाला कमाल दीड लाख आणि अध्यापनातल्या नव्या प्रयोगाला पन्नास हजार अशी मर्यादा आहे. गेल्या वर्षी त्यांनी 'बेळगाव जिल्ह्यातील शेतीतील बदलांचा अभ्यास' हा प्रस्ताव दिला होता, तो कारण न देता परत आला. यंदा बेळगावच्या दक्षिणेकडच्या शिवारातल्या बासमतीवर काम करायचं मनात आहे. काय लिहू, किती मागू, दोन्ही योजनांना अर्ज करू का, आणि मराठी भागातला विषय म्हणून अडचण येईल का, असे त्यांचे चार प्रश्न. खर्चाचा जुना तक्ताही त्यांनी जोडला आहे.

मॅडम, मी अर्थशास्त्राचा माणूस. निवृत्तीआधी अकरा वर्षं अशा प्रस्तावांच्या छाननी समितीवर बसलो, आणि त्याआधी बरीच वर्षं समितीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. तुमचा तक्ता पाहिल्याबरोबर प्रस्ताव का परत आला ते कळलं. लॅपटॉप ६५ हजार, प्रिंटर १८ हजार, पुस्तकं २० हजार, 'इतर' ४७ हजार. बेरीज बरोबर दीड लाख. त्यात शेत कुठेच नाही. शेतकऱ्याकडे जायला एसटीचं तिकीटसुद्धा नाही. जिल्ह्याच्या शेतीचा अभ्यास करणारी व्यक्ती वर्षभर प्रिंटरपाशी बसणार, असाच त्या तक्त्याचा अर्थ लागतो. समितीतल्या कोणीतरी तेवढंच वाचलं असेल आणि पुढचा कागद उचलला असेल.

समितीचं काम कसं चालतं हे नीट समजून घ्या, कारण ते कुणी सांगत नाही. एका दुपारी तीस-चाळीस प्रस्ताव असतात. तुमच्या विषयाचा जाणकार असला तर एक, बाकीचे रसायन, कन्नड, वाणिज्य, गणित अशा विभागांचे. सगळे सगळं वाचू शकत नाहीत. पहिलं पान वाचतात, मग थेट खर्चाच्या तक्त्यावर जातात, आणि या दोन पानांचं एकमेकांशी जुळलं तर मधली पानं उघडतात. मीही तसंच करत असे. म्हणून पहिलं पान गणिताच्या प्राध्यापकाला कळलं पाहिजे, आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ पहिल्या पानावरच्या प्रश्नाकडे बोट दाखवत असली पाहिजे.

आता विषय. 'जिल्ह्यातील शेती' म्हटलं की त्यात खानापूरच्या जंगलकाठचं भात येतं, निपाणीची तंबाखू येते, अथणी-रायबागचा ऊस येतो, सौंदत्तीकडची ज्वारी येते. दीड लाखात आणि एका वर्षात हे कुणाच्या बापाला जमणार नाही. यंदाचा विषय मात्र तुम्ही छान धरला आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर या शिवारातला बासमती म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नुसत्या वासावर ओळखला जाणारा तांदूळ. त्याचं क्षेत्र कमी होतंय हे इथला प्रत्येक माणूस बोलतो. पण का कमी होतंय, याची उत्तरं तीन वेगवेगळी मिळतात. प्लॉट पडले म्हणून, बळ्ळारी नाला फुगून भात कुजतं म्हणून, किंवा संकरित भाताला उतारा जास्त म्हणून. तुमचा प्रश्न इथे आहे. कोणत्या शिवारात यातलं कोणतं कारण किती लागू पडतं? एवढाच प्रश्न घ्या. दोन गावं घ्या, एक नाल्याकाठचं आणि एक नाल्यापासून दूरचं. एका वर्षात उत्तर मिळण्यासारखा प्रश्न आहे, आणि उत्तर कोणतंही आलं तरी ते नवीन असेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतकं लांब लिहितोय ती. अंतर्गत अनुदान बुडतं ते विषयामुळे क्वचित, वेळापत्रकामुळे जास्त.

आपल्याकडे धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, मे महिन्याच्या अखेरीस सुरू होते. जुलै-ऑगस्टात नाला शिवारात शिरतो. नोव्हेंबरात सुगी. मग त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. हे शेताचं वर्ष. विद्यापीठाचं वर्ष वेगळं चालतं. अर्ज जुलैत, छाननी सप्टेंबरात, सादरीकरण दिवाळीच्या आगेमागे, मग वित्त समिती, मग सिंडिकेट म्हणजे विद्यापीठाची कार्यकारिणी, मग आदेश. पहिला हप्ता हातात येईपर्यंत माझ्या अनुभवात डिसेंबर-जानेवारी उजाडतो. आणि तिसरं वर्ष आर्थिक, ते ३१ मार्चला संपतं. ही तीन वर्षं एकमेकांत बसत नाहीत. प्रस्ताव लिहिणारे बहुतेक जण 'पहिला महिना: ग्रंथसमीक्षा, दुसरा महिना: क्षेत्रकार्य' असं लिहून मोकळे होतात. दुसरा महिना फेब्रुवारी असेल, तर शेतात मसूर काढून झालेली असते आणि भाताचा पत्ता नसतो.

मी हे स्वतः भोगलं आहे. तरुणपणी एका संस्थेकडून मला ८० हजार मंजूर झाले होते. रक्कम आली मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि सोबत अट, ३१ मार्चपूर्वी खर्च करा. बाजार समितीतल्या आवकेचा अभ्यास होता, आवकेचा हंगाम संपून गेला होता. धावपळ करून ३१ हजार खर्च झाले, उरलेले ४९ हजार परत केले. नंतर अहवालात 'निधीचा पूर्ण विनियोग झाला नाही' हा शेरा बसला आणि पुढच्या अर्जाच्या वेळी तोच शेरा माझ्यासमोर ठेवला गेला. चूक माझीही होती. पैसा केव्हा लागणार आणि केव्हा येणार हे मी प्रस्तावात कुठेच मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर निदान भांडायला कागद हातात असता.

तुम्ही असं करा. कामाचा आरंभ तारखेनं लिहू नका, 'पहिला हप्ता विभागाच्या खात्यात जमा झाल्यापासून' असं लिहा. मग कामाचे दोन भाग पाडा. पहिला भाग ज्याला हंगाम लागत नाही तो: जुने कागद, उपग्रहाची चित्रं, प्रश्नावली तयार करून पंधरा-वीस घरांत तपासून पाहणं, विद्यार्थ्यांना शिकवून तयार करणं. हे जानेवारी ते एप्रिल. दुसरा भाग शेताचा: मे अखेरीला पेरणीच्या वेळी एक फेरी, ऑगस्टात पूर ओसरल्यावर दुसरी, नोव्हेंबरात कापणीला तिसरी. पैशाचे दोन हप्ते याच दोन भागांवर मागा. पहिला छोटा, मार्चअखेर खर्च होऊन हिशेब देता येईल असा. दुसरा मोठा, एप्रिलनंतरचा. वित्त अधिकाऱ्याला हे वाचून बरं वाटतं, कारण वर्षअखेरीस पडून राहिलेल्या रकमेची डोकेदुखी त्यांचीच असते. नियमात अठरा महिने बसत असतील तर अठरा मागा. बसत नसतील तर विनाखर्च मुदतवाढ, म्हणजे जादा पैसे न मागता जादा वेळ, लागू शकेल, आणि ती पावसाच्या कारणानं लागेल, असं एक वाक्य प्रस्तावातच टाकून ठेवा. मुदत संपल्यावर मागितलेली वाढ आणि आधी सांगून ठेवलेली वाढ यांच्याकडे समिती वेगवेगळ्या नजरेनं बघते.

आणखी एक. सुगी आणि परीक्षेची, मूल्यमापनाची ड्युटी एकाच वेळी येऊ शकते. ती टाळता येत नाही. म्हणून कापणीच्या फेरीची भिस्त स्वतःवर ठेवू नका. त्या दोन गावांतून तुमच्याकडे शिकायला येणारी मुलंमुली असतीलच. त्यांना जानेवारीपासून तयार करा. त्यांना कुणाचा बांध कुठे संपतो हे माहीत असतं, आणि शेतकरी त्यांच्याशी जे बोलेल ते तुमच्याशी बोलणार नाही. मात्र त्यांना पैसे द्या, त्यांच्या खात्यावर द्या, आणि ते तक्त्यात आधीच दाखवा. प्रमाणपत्रावर राबवून घेण्याची जी पद्धत पडली आहे तिचा मला मनापासून संताप येतो. ज्या घरातला मुलगा सुगीत रोजगाराला गेला असता त्या घरातून आपण त्याला सर्वेक्षणाला नेतो, हे लक्षात ठेवा.

किती मागायचं? मी तुमच्या जागी असतो तर १,३५,००० मागितले असते. दोन गावांत मिळून १६० कुटुंबं, एका कुटुंबामागे सर्वेक्षकाला १५० रुपये, म्हणजे २४ हजार. प्रवास ३० दिवस, दिवसाला ७००, म्हणजे २१ हजार. माती परीक्षण ४० ठिकाणी, पुराआधी आणि पुरानंतर असं दोनदा, नमुन्यामागे करासह ५०० धरले तर ४० हजार. जुन्या नोंदींच्या नकला आणि मोडी वाचणाऱ्याचं मानधन १८ हजार. प्रश्नावलीचं भाषांतर ७ हजार. शेवटी दोन्ही गावांत शेतकऱ्यांपुढे निष्कर्ष मांडायची बैठक, १० हजार. डेटा साठवायला हार्ड डिस्क वगैरे ६ हजार. किरकोळ ९ हजार. दर तुमच्याकडचे वेगळे असतील, ते आजच्या आज फोन करून विचारा आणि माती परीक्षणासारख्या मोठ्या ओळीला कोटेशन जोडा. मर्यादेपेक्षा कमी मागितलं तर कमी गरज आहे असं वाटेल, ही भीती बाळगू नका. बरोबर दीड लाखावर येऊन थांबणारी बेरीज ही उलट्या बाजूनं केलेली असते, हे समितीला एका नजरेत कळतं.

यातल्या काही ओळींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथेच तुमचा प्रस्ताव इतरांपेक्षा वेगळा ठरेल.

मोडीची ओळ पाहून कुणीतरी विचारणारच. उत्तर सोपं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या बऱ्याच गावांचे जुने जमिनीचे कागद मराठीत आहेत आणि त्यातले काही मोडीत. आजची पहाणी, म्हणजे आरटीसी, महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा उतारा, कन्नडमध्ये आणि कर्नाटक सरकारच्या 'भूमी' प्रकल्पामुळे संगणकावर. एकाच गटाची सत्तर वर्षांची पिकाची गोष्ट सांगायची तर दोन्ही भाषा आणि मोडी लिपी लागते. शहापूर तर सांगली संस्थानात होतं, तिथले कागद आणखी वेगळ्या मार्गानं शोधावे लागतील. बेंगळुरूहून किंवा म्हैसूरहून आलेल्या परीक्षकाला हे माहीत असण्याचं कारण नाही. दोन वाक्यांत समजावून सांगा. सीमेवर असण्याचा त्रास आपण आयुष्यभर काढतो, पण संशोधकाला इथे जो दुहेरी कागद मिळतो तो हुबळीत किंवा पुण्यात बसून मिळणार नाही.

उपग्रहाची चित्रं विकत घेऊ नका आणि सॉफ्टवेअरलाही पैसे मागू नका. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला यापेक्षा सोपं माप नाही. अडचण एवढीच की भाताच्या ऐन दिवसांत बेळगाववर ढग असतात आणि हा उपग्रह ढगातून पाहू शकत नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ चं रडार वापरावं लागेल, तेही फुकट आहे, आणि शिवारात पाणी कुठवर पसरलं याचा अंदाज त्यातून येतो. मात्र बासमती कुठला आणि संकरित कुठला हे उपग्रह सांगेल अशी आशा धरू नका. जात शेतकऱ्यालाच विचारावी लागेल. 'उपग्रहावरून बासमतीचं क्षेत्र मोजणार' असं वाक्य प्रस्तावात असेल तर जाणकार परीक्षक तिथेच पेन खाली ठेवेल.

हल्ली प्रत्येक प्रस्तावात ड्रोन असतो. तुम्ही घालू नका. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, शहरात छावणी आणि मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार या परिसरात उडवण्याआधी परवानग्यांची जी रांग लागेल तिच्यात तुमचं भात कापून होईल.

यंत्र घ्यायचंच असेल तर एक जुना गैरसमज काढून टाका. संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी लागत असे. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली. आता बहुतेक उपकरणांवर १८ टक्के धरावे लागतात. आजही जुने प्रस्ताव समोर ठेवून नवे लिहिणारे ५ टक्केच धरतात, आणि मग बिल आल्यावर खिशातून भरतात.

भाषेच्या अडचणीबद्दल तुम्ही चाचरत विचारलंय, ते मला समजतं. मी समितीवर असताना गाव मराठी आहे म्हणून नाकारलेला प्रस्ताव माझ्यासमोर आला नाही. पण गाव मराठी आहे म्हणून प्रस्तावच न पाठवणारे शिक्षक मात्र मी बरेच पाहिले, आणि त्यांना दोष देता येत नाही. इतक्या वर्षांचा अनुभव अंगात मुरलेला असतो. माझा सल्ला असा. अर्जात अधिकृत नाव लिहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते बेळगावी आहे, तर बेळगावीच लिहा. घरी आपण बेळगावच म्हणणार आहोत, त्याला कुणी अडवलेलं नाही. गावांची नावं महसुली नोंदीत जशी आहेत तशी लिहा. सारांश इंग्रजीबरोबर कन्नडमध्येही द्या आणि तो कन्नड विभागातल्या सहकाऱ्याकडून लिहून घ्या, यंत्राकडून नको. मदत मागितली तर आनंदानं करतात, हा माझा अनुभव आहे. आणि नमुन्यात कन्नड बोलणारी शेतकरी कुटुंबं पुरेशी घ्या. समितीला खूश करायला म्हणून सांगत नाही. नाला फुगला की तो बांधावरची भाषा विचारून शिरत नाही, तेव्हा एकाच भाषेची घरं विचारली तर तुमचं उत्तर अर्धवट राहील. म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत, आणि कन्नड प्रश्नावली दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून ताडून बघायची. ७ हजार त्यासाठीच धरले आहेत.

अध्यापनाच्या योजनेकडे वळतो. मॅडम, या योजनेला अर्जच येत नाहीत. संशोधनाला चाळीस आले तर अध्यापनाला पाच-सहा. त्यातले निम्मे 'स्मार्ट क्लासरूम'च्या नावाखाली प्रोजेक्टर मागणारे. तुमच्याकडे तर आयता विषय आहे. तुमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं आहेत, कन्नड माध्यमातून आलेली आहेत, आणि पुस्तक इंग्रजी. 'खाचर' म्हटलं की निम्म्या वर्गाला कळतं, 'गद्दे' म्हटलं की उरलेल्या निम्म्याला, आणि 'पॅडी फील्ड' पुस्तकात आहे म्हणून सगळे पाठ करतात. मुलांनीच आपापल्या गावातून माती, पाणी, पीक, अवजारं यांचे शब्द गोळा करून, नकाशावर बसवून, तीन भाषांचा क्षेत्रकार्याचा शब्दसंग्रह बनवायचा, आणि त्याच्या आधारे दुसऱ्या वर्षाचं क्षेत्रकार्याचं प्रात्यक्षिक नव्यानं रचायचं. पन्नास हजारांत बसतं. प्रवास, छपाई, दोन कार्यशाळा.

फक्त एक गोष्ट इथे सगळे विसरतात. मुलं अधिक शिकली हे दाखवणार कसं? 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे उत्तर नव्हे. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला स्वतःच्या गावाचा कोरा नकाशा द्या आणि माती, पाणी, पीक दाखवायला सांगा. सत्र संपल्यावर तसाच कोरा नकाशा पुन्हा द्या. दोन्ही नकाशे दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे न सांगता. एवढं केलंत तर तो अध्यापनावरचा चांगला शोधनिबंध होईल. एका तुकडीला नवी पद्धत आणि दुसरीला जुनी असं करणार असाल, तर दुसऱ्या तुकडीला पुढच्या सत्रात तेच सगळं मिळेल याची सोय आधीच करा. आपल्या प्रयोगासाठी कुणाचं सत्र वाया जाऊ नये.

दोन्ही योजनांना अर्ज जरूर करा, पण एकच खर्च दोन्हीकडे दाखवू नका. येळ्ळूरला एकदाच गाडी नेली आणि दोन फाईलींत तिची पावती लागली, तर लेखापरीक्षणात ती सापडतेच, आणि मग खुलासे लिहिताना तीन वर्षं जातात.

हे अनुदान विद्यापीठ का देतं, तेही लक्षात असू द्या. नॅक ही विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था, आणि तिच्या मूल्यांकनात शिक्षकांना संशोधनासाठी दिलेला सीड मनी, म्हणजे सुरुवातीचा निधी, हा निकषच राहिला आहे. तेव्हा विद्यापीठालाही तुमच्या प्रस्तावाची गरज असते, हात पसरून उभं राहण्याचं कारण नाही. आणि या रकमेचं मोल पूर्वीपेक्षा वाढलं आहे. यूजीसीच्या बाराव्या योजनेत, २०१२ ते २०१७ या काळात, लघु संशोधन प्रकल्पाला मानव्यविद्यांत ३ लाख आणि विज्ञानात ५ लाखांपर्यंत मिळायचे. निपाणी-खानापूरसारख्या गावांतल्या महाविद्यालयातल्या शिक्षकांनी त्यावर खूप काम केलं. तो प्रवाह आटला. आता बाहेर सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणारी आयसीएसएसआर ही केंद्राची परिषद आहे, विज्ञानवाल्यांना राज्याचा व्हीजीएसटी हा विज्ञान-तंत्रज्ञानाचा गट आहे, २०२३ च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. पण तिथे स्पर्धा देशभरातली, आणि तिथला पहिला प्रश्न असतो, आतापर्यंत काय केलंत? त्याचं उत्तर तयार करायला हे दीड लाख. म्हणून फलश्रुतीच्या रकान्यात दोन शोधनिबंध, एक ग्रंथ आणि राष्ट्रीय परिषद असं लिहू नका. १६० कुटुंबांचा तपासलेला डेटा, एक शोधनिबंध, आणि त्यावर उभा केलेला आयसीएसएसआरचा प्रस्ताव, एवढं लिहा आणि तेवढं करा. प्रकाशनाची फी तक्त्यात धरू नका. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून कुठलं नियतकालिक चांगलं हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि पैसे भरून छापणाऱ्यांचा बाजार मोठा आहे.

मंजुरीनंतरचं थोडक्यात. पहिल्या दिवशी एक वही घाला आणि आदेशाचा क्रमांक पहिल्या पानावर लिहा. प्रत्येक पावतीवर तो क्रमांक, कामाचं कारण, तारीख. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टँप. जी वस्तू उरते ती त्याच आठवड्यात स्टॉक रजिस्टरला. खरेदीआधी वित्त विभागात जाऊन विचारा की राज्याच्या खरेदी पारदर्शकता कायद्याखाली, केटीपीपी म्हणतात तो, तुमच्या रकमेला कुठली पद्धत लागू होते. खरेदी झाल्यावर विचारू नका. शेतकऱ्याकडून पावती मिळत नाही, तेव्हा बैठकीच्या चहापाण्यापासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत स्वप्रमाणित व्हाउचर चालतं का, हे लेखी विचारून उत्तर फाईलला लावा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला याचा दाखला, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, सही करणारा अधिकारी त्याच आठवड्यात रजेवर असतो.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. तुमच्या विभागातली मैत्रीण, अतिथी उपन्यासक म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवरची शिक्षिका, हिनं या विषयावर तुमच्याहून जास्त फिरून माहिती गोळा केली आहे, पण नियमानुसार तिला अर्ज करता येत नाही. ही ओळ वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत शिकवण्याचा केवढा मोठा भार हे अतिथी शिक्षक उचलतात, आणि संशोधनाच्या दाराबाहेर मात्र त्यांना उभं ठेवतात. समितीवर असताना मी दोनदा हा मुद्दा मांडला, दोन्हीदा 'नियमात नाही' म्हणून राहिला. तुमच्या हातात आहे तेवढं करा. सहसंशोधक म्हणून नाव चालत नसेल तर प्रकल्प सहायक म्हणून आदेशात तिचं नाव आणि मानधन आणा, किरकोळातून नको, मर्यादेपर्यंत अजून पंधरा हजारांची जागा आहे. जुनी माहिती तिची आहे हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहा. आणि शोधनिबंधावर तिचं नाव कुठे येणार ते आजच दोघींनी बसून ठरवा, कागदावर.

अर्जाला अजून तीन आठवडे आहेत म्हणता. त्यातला पहिला रविवार दोघींनी येळ्ळूरला घालवा, काही न लिहिता, नुसतं नाल्याकाठच्या पाच-सहा शेतकऱ्यांशी बोला. मग पहिलं पान आणि खर्चाचा तक्ता एवढंच मला पाठवा. मधली पानं त्यानंतर लिहा.